बटण सोडताच बंद पडणारा जनरेटर आणि इतर तक्रारी

या वेळच्या पत्रांत मोटरहोममधल्या जनरेटरचे प्रश्न इतके आले, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. निम्म्याहून अधिक पत्रांत एक वाक्य सारखं आहे : ‘कंट्रोल बोर्ड गेला असावा.’ बोर्ड जातो, नाही असं नाही. पण ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे), तारांचे लग (टोकांचे धातूचे जोड), रिले (विजेने चालणारा स्विच), ऑइल प्रेशर स्विच आणि बॅटरी यांतलं काहीतरी बिघडलेलं असण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि हे सगळं मल्टिमीटरने तासाभरात तपासून होतं. बोर्ड हा सर्वांत महाग भाग. त्याचा नंबर सर्वांत शेवटी लावा.

झाकण उघडण्याआधी दोन गोष्टी. ऑटो-स्टार्ट असेल तर बंद करा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. हात आत असताना इंजिन आपोआप सुरू झालं, तर बोटं वाचत नाहीत. चालू जनरेटरवर मोजणी करायची असेल, तर गाडी मोकळ्यावर उभी हवी आणि आतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू हवा. या वायूला वास नसतो.

प्रश्न : स्टार्टचं बटण दाबून धरलं की इंजिन व्यवस्थित चालतं. बटण सोडलं की दोन सेकंदांत बंद. पेट्रोल, प्लग, फिल्टर सगळं नवीन आहे. दोन मेकॅनिकनी कार्ब्युरेटर साफ केला. गाडी आठ महिने उभी होती.

उत्तर : कार्ब्युरेटरचा यात दोष दिसत नाही. बटण दाबलेलं असताना इंजिन चालतं, म्हणजे इंधन आणि ठिणगी दोन्ही पोचतात. बटण दाबलेलं असेपर्यंत बोर्ड इंधनाचा पंप आणि इग्निशन यांना बिनशर्त वीज देतो. बटण सोडल्यावर मात्र त्याला पुरावा लागतो, की इंजिन खरोखर फिरतं आहे आणि तेलाचा दाब आहे. बहुतेक संचांत हा पुरावा जनरेटरच्या स्वतःच्या आउटपुटमधून किंवा स्टेटरवरच्या (स्थिर भागावरच्या) एका छोट्या जादा वाइंडिंगमधून (तारेच्या गुंडाळीतून) येतो. वीज तयारच होत नसेल, तर बोर्ड इंजिन बंद करतो. तो त्याचं काम बरोबर करतो आहे.

म्हणून पहिली मोजणी अशी : मीटर एसी व्होल्टवर ठेवून जनरेटरच्या मुख्य ब्रेकरच्या आधीच्या टर्मिनलला घट्ट जोडा. दुसऱ्या माणसाला बटण दाबायला सांगा. काही संचांत आउटपुट नसेल तर स्टार्टर सुटत नाही, इंजिनासोबत घरघरत राहतो. म्हणून पाच-सात सेकंदांत आकडा वाचून बटण सोडा.

आकडा पूर्ण आला, म्हणजे तुमच्या संचानुसार २३० किंवा १२० व्होल्टच्या आसपास, तर वीज तयार होते आहे पण बोर्डाला कळत नाही. बोर्डाला ही खबर देणारी सेन्सची तार आणि तिचा कनेक्टर बघा. कनेक्टरमधली पिन मागे सरकलेली किंवा हिरवी पडलेली असते. ती ठीक असेल तर ऑइल प्रेशर स्विच. आधी तेलाची पातळी बघा, मग स्विचच्या जागी यांत्रिक गेज लावून दाब मोजा. दाब असूनही स्विचची अवस्था बदलत नसेल, तर स्विच बदला. स्विचची तार काढून टाकून जनरेटर ‘चालू करून देणारे’ भेटतात. तसं करू देऊ नका, तेलाविना इंजिन काही मिनिटांत जाम होतं.

आकडा २ ते १० व्होल्ट आला, तर ती फक्त रोटरच्या (फिरत्या भागाच्या) लोखंडात उरलेल्या चुंबकत्वाची वीज आहे. रोटरला चुंबक बनवणारी वीज, म्हणजे एक्साइटेशन, मिळत नाही. आठ महिने उभ्या राहिलेल्या, ब्रश असलेल्या संचात पहिला संशय स्लिप रिंगवर, म्हणजे ब्रश ज्यांवर टेकतात त्या कड्यांवर, घ्यायचा. दमट हवेत तांब्याच्या रिंगवर काळपट थर चढतो आणि कार्बन ब्रशचा संपर्क तुटतो. बॅटरीची तार काढून ब्रश होल्डर सोडवा. ब्रश खाचेत सहज सरकतो का, स्प्रिंग दाबते का, लांबी मॅन्युअलमधल्या किमान मापापेक्षा जास्त आहे का, हे बघा. काढण्याआधी फोटो काढून ठेवा. ब्रशच्या दोन तारा उलटसुलट झाल्या, तर नंतर शोधत बसावं लागतं. रिंगा धातू नसलेल्या बारीक पॅडने हलक्या हाताने चमकवा आणि धूळ फुंकून काढा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण तांब्यात रुततात आणि नवा ब्रश खाऊन टाकतात.

ब्रश बाजूला असतानाच रोटर मोजा. एका रिंगेपासून दुसऱ्या रिंगेपर्यंतचा रोध छोट्या संचांत साधारण काही ओहमपासून काही दशक ओहमपर्यंत असतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. मीटर ‘ओपन’ दाखवत असेल, तर वाइंडिंग तुटलं आहे. मग कोणत्याही रिंगेपासून शाफ्टपर्यंत मोजा. इथे रोध अनंत हवा. काही किलोओहम दिसले, तर रोटरमध्ये ओल किंवा गळती आहे.

हे सगळं चांगलं निघालं आणि तरी वीज नाही, तर ब्रश परत बसवून रोटरला बाहेरून चेतवून बघा. ब्रशकडे जाणाऱ्या एव्हीआरच्या (व्होल्टेज आपोआप सांभाळणाऱ्या भागाच्या) दोन्ही तारा काढून बाजूला टेप लावून ठेवा, मग बॅटरी परत जोडा. १२ व्होल्टच्या बॅटरीची पॉझिटिव्ह तार २१ वॅटच्या गाडीच्या बल्बमधून घेऊन ब्रशच्या पॉझिटिव्ह टोकाला आणि निगेटिव्ह दुसऱ्या टोकाला दोन-तीन सेकंद लावा. त्याच वेळी दुसऱ्याने बटण दाबून इंजिन फिरतं ठेवावं. आउटपुट चांगलं दहापट-वीसपट चढलं, तर रोटर आणि स्टेटर दोन्ही शाबूत आहेत. दोष एव्हीआरमध्ये किंवा त्याला वीज पुरवणाऱ्या वाइंडिंगमध्ये. चढलंच नाही, तर स्टेटर बघा. कधी कधी या एका चेतवण्यानेच हरवलेलं चुंबकत्व परत येतं आणि एव्हीआर जोडल्यावर संच चालू लागतो. तारा जोडताना पॉझिटिव्ह-निगेटिव्ह जपा, उलट चेतवलं तर उरलंसुरलं चुंबकत्वही पुसलं जातं किंवा उलटं होतं.

बोर्ड बदलायचा विचार इथपर्यंतचं सगळं निर्दोष निघाल्यावरच करा.

प्रश्न : जनरेटरच्या अंगावरच्या बटणाने इंजिन लगेच सुरू होतं, पण गाडीतल्या बटणाने नुसती ‘टक’ होते. कधी कधी दोन्हीकडून टक. बॅटरी सहा महिन्यांपूर्वीची आहे, मीटर १२.६ दाखवतो.

उत्तर : १२.६ हा आकडा बॅटरी विश्रांतीत असतानाचा आहे. त्यावरून ती चार्ज झालेली आहे एवढंच कळतं. स्टार्टर फिरवताना काय होतं, ते मोजायला हवं. मीटर बॅटरीच्या खांबांना लावून बटण दाबा. आकडा ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी कमकुवत आहे किंवा स्टार्टर नको इतका करंट ओढतो. आकडा ११ च्या आसपास टिकला आणि तरी स्टार्टर रडत असेल, तर वीज वाटेत हरवते आहे.

वाट शोधायला व्होल्टेज ड्रॉपची चाचणी करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, थेट खांबावर), दुसरं स्टार्टरच्या मोठ्या टर्मिनलवर. बटण दाबून वाचा. मग तसंच बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते जनरेटरच्या इंजिनाचा मोकळा धातू. प्रत्येक बाजूला ०.५ व्होल्टच्या आत असलं तर चालेल, एकेका जोडावर ०.२ पेक्षा जास्त नको. जास्त दिसलं, तर मीटरचं टोक जोडापाठोपाठ जोड पुढे सरकवत जा. ज्या जोडाच्या अल्याड-पल्याड आकडा उडी मारतो, तो तुमचा गुन्हेगार. बहुतेक वेळा तो निगेटिव्ह बाजूला, चॅसिसवर रंगाच्या थरावर आवळलेला बोल्ट असतो. रंग खरवडून, लग घासून, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस लावा.

तारेची जाडीही हिशोबात घ्या. २५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण ०.०००७ ओहम. बॅटरी ते जनरेटर ३ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर. स्टार्टर १२० अॅम्पियर ओढत असेल, तर तारेतच अर्धा व्होल्ट जातो. बॅटरी गाडीच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर ३५ किंवा ५० ची तार टाका.

आता फक्त आतल्या बटणाची तक्रार. त्या बटणातून स्टार्टरचा करंट जात नाही, फक्त रिलेला इशारा जातो, बारीक तारांतून आणि भिंतीतल्या एक-दोन कनेक्टरमधून. बटण दाबलेलं असताना जनरेटरकडच्या टोकाला त्या तारेवर काय पोचतं ते बघा. अनेक संचांत बटण तारेला निगेटिव्हशी जोडतं, काहींत १२ व्होल्ट पाठवतं. वायरिंगचा आराखडा पाहून ठरवा. कनेक्टर उघडून साफ केला, की साधारण काम होतं.

प्रश्न : जनरेटर चालतो, त्याच्या टर्मिनलवर बरोबर व्होल्टेज आहे, पण गाडीत काहीच नाही.

उत्तर : वीज जिथपर्यंत आहे तिथून पुढे चालत जा : जनरेटरवरचा ब्रेकर, जंक्शन बॉक्स, चेंजओव्हर स्विचची (बाहेरची वीज की जनरेटरची, हे निवडणाऱ्या स्विचची) जनरेटरकडची बाजू, गाडीकडची बाजू, मुख्य पॅनेल. ब्रेकर मधल्या स्थितीत अडकलेला असू शकतो, म्हणून आधी पूर्ण खाली आणि मग वर करा. ऑटोमॅटिक चेंजओव्हर जनरेटर स्थिर होईपर्यंत मुद्दाम थांबतो, बऱ्याच यंत्रांत २० ते ३० सेकंद. एवढा वेळ दिला होता का? त्यानंतरही जनरेटरच्या बाजूला व्होल्टेज आणि गाडीच्या बाजूला शून्य असेल, तर कॉन्टॅक्टरची (त्यातल्या विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल किंवा जळालेले कॉन्टॅक्ट. हा बॉक्स उघडण्याआधी बाहेरच्या वीजपुरवठ्याची केबल उपटा आणि जनरेटर बंद करा. त्यात दोन बाजूंनी वीज येते. आत तारांचे स्क्रू सैल सापडतात, रस्त्याच्या हादऱ्यांनी. ते आवळा. काळा पडलेला, भाजलेला कॉन्टॅक्ट घासून वापरू नका, कॉन्टॅक्टर बदला.

प्रश्न : ४,००० वॅटचा जनरेटर आहे. खाली सपाटीवर एअर कंडिशनर चालतो, पण १,८०० मीटर उंचीवर गेलं की कॉम्प्रेसर लागताना दिवे मंदावतात आणि ब्रेकर पडतो. व्होल्टेज वाढवून घेऊ का?

उत्तर : नको. आधी हिशोब मांडा.

टर्बो नसलेलं इंजिन उंचीवर दमतं, कारण हवा विरळ होते. सर्वसाधारण अंदाज असा, की १५० मीटरच्या वर दर ३०० मीटरला ३.५ टक्के आणि २९ अंशांच्या वर दर साडेपाच अंशांना १ टक्का ताकद कमी होते. १,८०० मीटरवर म्हणजे सुमारे १९ टक्के. ४,००० वॅटचे तिथे ३,२०० उरतात.

आता भार. एअर कंडिशनर १,५०० वॅट. बॅटरी चार्जर ६० अॅम्पियरने १४ व्होल्टवर भरत असेल, तर ८४० वॅट बाहेर आणि त्याच्या नुकसानासकट जवळपास १,००० वॅट आत. पाणी तापवायचा विजेचा हीटर १,४००. बेरीज ३,९००. सपाटीवर हे जेमतेम बसतं, डोंगरावर बसणं शक्य नाही. चार्जर जुन्या पद्धतीचा, पॉवर फॅक्टर न सुधारणारा असेल, तर त्याचा प्रत्यक्ष करंट वॅटच्या हिशोबापेक्षा तीस-चाळीस टक्के जास्त असतो. चार्जर जनरेटर सुरू होताच पूर्ण जोराने भरायला लागतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाणी गॅसवर तापवा, चार्जरची मर्यादा २०-३० अॅम्पियरवर आणा, आणि मग कॉम्प्रेसर लावून बघा.

एवढ्याने भागलं नाही, तर इंजिनाचा वेग तपासा, तो फ्रिक्वेन्सीवरून कळतो. फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या मीटरने भार नसताना ५० हर्ट्झच्या यांत्रिक गव्हर्नरच्या (वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) संचात ५१.५ ते ५२.५ आणि पूर्ण भाराला ४९ ते ५० दिसायला हवेत. ६० च्या संचात ६२ ते ६३ आणि ५९ ते ६०. भाराला वेग खूप खाली बसत असेल, तर एअर फिल्टर, इंधन, प्लग आणि गव्हर्नरचा दांडा यांकडे जा, आणि कार्ब्युरेटरला उंचीसाठी वेगळी जेट किंवा सेटिंग असेल तर ती बदला. वेग बरोबर असल्याशिवाय व्होल्टेजच्या स्क्रूला हात लावू नका. वेग कमी आणि व्होल्टेज वर ताणलेलं, अशा स्थितीत मोटरी आणि ट्रान्सफॉर्मर गरम होऊन जळतात.

कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या करंटच्या चार ते सहा पट ओढतो, सेकंदभरापेक्षा कमी वेळ. त्याचा रन कपॅसिटर थकला असेल तर हा झटका लांबतो. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा ६ टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदला. सॉफ्ट स्टार्टर बसवला तर झटका बराच कमी होतो आणि अशा अडचणीत तो पैसे वसूल करतो. आणि एअर कंडिशनर बंद केल्यावर तीन मिनिटं तरी परत लावू नका. आतला दाब समान व्हायच्या आत कॉम्प्रेसर उठू शकत नाही, तो अडकून करंट ओढत राहतो.

प्रश्न : छोटा इन्व्हर्टर जनरेटर बाहेर ठेवून गाडीला जोडतो. गाडीतला व्होल्टेज प्रोटेक्टर ‘अर्थिंग नाही’ म्हणून वीज आत घेत नाही. फेज आणि अर्थिंगमध्ये ११० ते ११५ व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्येही तेवढेच. जनरेटर खराब आहे का?

उत्तर : नाही. २३० व्होल्टच्या अशा संचात हेच दिसायचं. बहुतेक छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल जनरेटरच्या अंगाला, म्हणजे अर्थिंगला, जोडलेला नसतो. दोन्ही तारा अर्थिंगपासून अधांतरी असतात आणि आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे मीटरला प्रत्येकीवर निम्मं व्होल्टेज भासतं. प्रोटेक्टर न्यूट्रल-अर्थिंगचा जोड शोधतो, तो सापडत नाही.

हा जोड नसेल, तर गाडीतला गळतीचा ब्रेकर (आरसीसीबी) निकामी आहे असं धरा. पहिला दोष झाला तरी करंटला परतीची वाट नसते, म्हणून तो पडत नाही. दुसरा दोष झाला, की माणूस मधे सापडू शकतो. त्यावरचं ‘टेस्ट’चं बटण दाबलं तर ब्रेकर पडेल, पण त्यावर विसंबू नका. ते बटण अर्थिंगची तार वापरतच नाही.

उपाय : एका सुट्या प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग पिन आखूड तारेने जोडून तो जनरेटरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये घालणं. फेजची पिन रिकामी. सॉकेटमध्ये फेज कुठला आणि न्यूट्रल कुठला हे पक्कं नसेल, किंवा प्लग उलटा बसू शकत असेल, तर हे करू नका. जोड गाडीच्या आरसीसीबीच्या आधी, जनरेटरकडेच हवा. गाडीच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग कधीही एकत्र बांधू नका. कॅम्पच्या वीजपुरवठ्यावर गेलात की नेहमीचा न्यूट्रल करंट चॅसिसमधून वाहू लागेल. या प्लगला लाल टेप गुंडाळा, जनरेटरसोबतच बांधून ठेवा, भिंतीच्या सॉकेटमध्ये तो कधीही जाता कामा नये. दोन जनरेटर पॅरलल चालवत असाल तर प्लग एकच. तुमच्या जनरेटरचं मॅन्युअल आणि जिथे फिरता तिथला वीज नियम या जोडाबद्दल काय सांगतात ते आधी बघा, आणि गाडीत बसवलेल्या जनरेटरला हा प्लग लावू नका, त्यात हा जोड बहुधा आधीच असतो.

प्रश्न : ब्रश नसलेला संच आहे. २३० ऐवजी १६५ व्होल्ट येतात. वेग बरोबर आहे, ५१ हर्ट्झ. एकाने मोठा कपॅसिटर लावायचा सल्ला दिला.

उत्तर : वेग आधी मोजलात हे चांगलं केलं. अशा संचात रोटरला चेतवायचं काम कपॅसिटर करतो. तो तेवढ्याच मायक्रोफॅरडचा लावा, मोठा नको. मोठ्याने व्होल्टेज चढेल, पण खरा दोष झाकला जाईल आणि वाइंडिंग तापेल.

संच बंद करून कपॅसिटरच्या दोन टोकांना २० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर पाच-दहा सेकंद धरा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, कपॅसिटर आणि डोळे दोन्हींना धोका असतो. मग एक तार काढून मीटरच्या मायक्रोफॅरड पट्टीवर मोजा. छापलेल्या आकड्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त कमी, किंवा अंगाने फुगलेला असेल तर बदला. तो चांगला निघाला, तर रोटरवरचा डायोड. दोन डायोडपैकी एक उघडा पडला तर व्होल्टेज असंच अर्धवट येतं. डायोड रोटरच्या वाइंडिंगला समांतर असतो, त्यामुळे एक पाय सुटा केल्याशिवाय मीटर खोटं सांगतो. सुटा केल्यावर डायोड पट्टीवर एका दिशेने ०.४ ते ०.७ आणि उलट दिशेने काहीच नाही, असं दिसायला हवं.

प्रश्न : वीस मिनिटं चालून बंद पडतो, अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू होतो.

उत्तर : बंद पडल्या क्षणीच ठिणगी तपासा, थंड झाल्यावर नाही. स्पार्क टेस्टर आधीच हाताशी ठेवा. ठिणगी नसेल तर इग्निशन कॉइल, ती गरम झाल्यावर आतून उघडी पडते. ठिणगी असेल तर इंधनाच्या नळीत वाफ धरते आहे. दोन्हींच्या आधी हवा यायची आणि जायची जाळी बघा, तिथे चिखल किंवा पक्ष्याचं घरटं असतं.

प्रश्न : वापर नसताना जनरेटर किती वेळा चालवावा?

उत्तर : महिन्यातून एकदा, सलग दोन तास, निम्म्या भारावर. रिकामा दहा मिनिटं चालवणं पुरत नाही. वाइंडिंगमधली ओल जायला उष्णता लागते आणि ती भार असल्याशिवाय येत नाही. एअर कंडिशनर किंवा १,५०० ते २,००० वॅटचा हीटर लावून ठेवा. बंद करण्याआधी सगळा भार काढून दोन-तीन मिनिटं रिकामं फिरू द्या.